पाना कुणी धरायचा?

सर्व्हिस सेंटरचं बिल खालून वर वाचावं. वरून वाचायला घेतलं की पहिल्या चार-पाच ओळी पटतात. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, वायसर, कूलंट. माणूस मान डोलावतो, आणि एकदा डोलायला लागलेली मान शेवटच्या ओळीपर्यंत थांबत नाही. खालून सुरुवात केली तर आधी रक्कम दिसते, झोप उडते आणि मग प्रत्येक ओळ स्वच्छ दिसू लागते. मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक गूढ नोंद, जिच्यात फडकं, ग्रीस आणि बहुधा कुणाचा तरी कटिंग चहा धरलेला असावा. आणि तिच्यावर ‘एअर फिल्टर बदलणे, मजुरी’.

या ओळीवर मी अडतो. कारण एअर फिल्टर बदलणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बॉनेट उघडलं की काळ्या प्लास्टिकचा एक डबा दिसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याला तीन-चार क्लिपा असतात. त्या बोटांनी उघडायच्या, धुळीने करडा पडलेला कागदी फिल्टर काढायचा, डब्यातला पाचोळा पुसायचा, नवा फिल्टर जुन्यासारखाच बसवायचा आणि क्लिपा लावायच्या. दहा मिनिटांचं काम. त्यातली निम्मी बॉनेटची दांडी नेमक्या कुठल्या भोकात अडकवायची हे शोधण्यात जातात.

बिलाची खरी सुरुवात मात्र सकाळी गाडी सोडतानाच झालेली असते. हातात टॅब घेतलेला एक नम्र मुलगा गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि एकेक पदार्थ पुढे करतो. एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग. “करून टाकू ना सर?” हे तो मंगल कार्यालयात जिलबी घेऊन उभ्या असलेल्या वाढप्याच्या सुरात विचारतो. नको म्हटलं तर चिडत नाही, फक्त टॅबवर काहीतरी नोंदवतो. ती नोंद पुढे कधीतरी आपल्याविरुद्ध काढली जाणार, असं वाटून आपण एखादी जिलबी घेतो.

वॉरंटी असेपर्यंत हे मुकाट्याने सोसावं. सर्व्हिसचे शिक्के नसले आणि उद्या काही मोठं बिघडलं, तर वाद घालायला आपल्याकडे कागद उरत नाही. खरा प्रश्न वॉरंटी संपल्यावर सुरू होतो. आता गाडी पूर्णपणे आपली असते, तिचे आजारही आपले, आणि बायको विचारते, “यातलं तुला काय काय येतं?”

आमच्या सोसायटीत या प्रश्नाचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाची माणसं बॉनेट उघडतच नाहीत. काच धुवायचं पाणी संपलं तरी ती गाडी ‘दाखवायला’ नेतात. दुसऱ्या पंथात एकच सभासद आहे. तळमजल्यावरचे काका. त्यांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यांच्याकडे टॉर्क रेंच आहे, फीलर गेज आहे, आणि दहा-अकराचा पाना मागायला गेलं तर ते पाना देत नाहीत, पान्याबरोबर स्वतः येतात. त्यांना ब्रेकपासून क्लचपर्यंत सगळं येतं आणि ते सगळं घरी करतात. मी या दोन पंथांच्या मधला. मधल्या माणसाची पंचाईत अशी, की त्याला दरेक कामाचा वेगळा विचार करावा लागतो.

मागच्या पिढीला हा विचार पडला नाही. १९७२ पासून आकुर्डीला बनू लागलेली चेतक ज्या घरात होती, तिथल्या वडीलमंडळींना प्लग साफ करणं म्हणजे कौशल्य वाटत नव्हतं, दाढी झाल्यावरचं पुढचं काम वाटायचं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. डिकीत प्लगपाना, त्याची टॉमी, एक ‘तसा चालतो’ म्हणून जपलेला जुना प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा. स्कूटर आधी डावीकडे आडवी करायची, मग उभी करून किक मारायची. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवाल्यांचा अभ्यासक्रम आणखी मोठा होता. कार्ब्युरेटर, चोक, पॉइंट आणि उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात तापलेला रेडिएटर. चढाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि शेजारी हातात पाण्याचा कॅन घेतलेला कुटुंबप्रमुख, हे मुंबई-पुणे प्रवासातलं नेहमीचं दृश्य होतं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली तेव्हा पुष्कळांचे डोळे पाणावले. तिच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलेल्यांचे पाणावले असतील असं मला वाटत नाही.

त्या पिढीच्या काटकसरीचं आपण फार कौतुक करतो. माझं मत जरा वेगळं आहे. ती माणसं गाडीखाली जायची कारण गाडी वरचेवर बंद पडायची. नाइलाजाला नंतर गुण मानलं गेलं. आजची गाडी वर्षाकाठी एकदा ऑइल मागते आणि बाकी वेळ गप्प असते. बॉनेट उघडलं तर इंजिन दिसत नाही, इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्यावर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत असतं, म्हणजे आपण चुकून दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही एवढी खात्री पटते.

पण या झाकणाला घाबरून सगळंच सोडून देण्यात अर्थ नाही. गाडीत एक फिल्टर असा आहे की जो बहुतेक मालकांना माहीतच नसतो आणि ज्याच्यावर माझा फार जीव आहे. एसीचा, म्हणजे केबिनचा फिल्टर. आपण गाडीत बसून जो श्वास घेतो तो याच्यातून येतो. तो बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लपलेला असतो. काम असं. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबायच्या, तो खाली लोंबकळू द्यायचा, मागे दिसणारी पट्टी काढायची आणि फिल्टर ओढायचा. वाचायला सोपं आहे, आणि यातलं अवघड काम पहिलंच आहे. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करणं. त्यात फास्टॅगच्या आधीच्या काळातल्या टोलच्या पावत्या असतात. मुदत संपलेली पीयूसी असते आणि तिच्यावर पिन केलेली तिच्याही आधीची. उलटीच्या गोळ्या, लग्नातली अत्तराची कुपी, एका कानाचा हेडफोन. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेलं गाडीचं पुस्तक.

मग फिल्टर बाहेर येतो. पुण्यात झाडाखाली गाडी लावणाऱ्याने तो एकदा स्वतः काढून बघावा. मूळचा पांढरा रंग कडेच्या चिंधीएवढाच उरलेला असतो. घड्याघड्यांत कडुलिंबाच्या काड्या, गुलमोहराच्या पाकळ्या, पारव्याचं पीस आणि रस्त्यांच्या अखंड चाललेल्या खोदाईची बारीक माती. नव्या फिल्टरवर एक बाण असतो, तो हवेच्या दिशेने ठेवायचा. पट्टी लावायची, बॉक्स वर ढकलायचा आणि पंखा चालू करायचा. हवेचा झोत इतका जोरात येतो की डॅशबोर्डवरची उदबत्तीची राख उडते.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण निव्वळ प्रेम नाही. ‘एसी पूर्वीसारखा लागत नाही’ म्हणून माणसं थेट गॅस भरायला जातात. गॅस बंद नळ्यांत फिरतो, गळती असल्याशिवाय तो सहसा कमी होत नाही. पुष्कळदा कोंडलेला असतो तो हा फिल्टर. गाडीच्या कामात पैसे वाचतात ते असे, आणि मजुरीच्या दोन-तीनशे रुपयांत नव्हे. जे काम निघालेलंच नाही ते न करण्यात.

हवेचंही तसंच. टायरमध्ये किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तरी आपण पंपावरच्या पोऱ्याला विचारतो, “किती टाकतात यात?” तो आपल्याकडे न बघता “पस्तीस” म्हणतो. त्याच्या लेखी सगळ्या गाड्या पस्तिसाच्या. शिवाय आपण तिथे पोचतो ते टायर तापवून, आणि स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. म्हणून घरी एक छोटा गेज आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप ठेवावा. सकाळी, गाडी हलायच्या आधी, चहा व्हायचा असतो तेवढ्यात चारही चाकं बघून होतात. पाचवं म्हणजे स्टेपनी. ती बघायची कुणालाच आठवत नाही, आणि ज्या दिवशी आठवते त्या दिवशी तीही बसलेली असते. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की तो टायर कायद्याने बाद होतो. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की समजावं. नायट्रोजन भरून घ्यायचा का, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. भरावा, वाईट काही नाही. फुकटच्या साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो, आणि उरलेल्या २२ टक्क्यांसाठी प्रत्येक चाकामागे किती मोजायचे हे ज्याचं त्याने ठरवावं.

वायपरचे ब्लेड, हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, काच धुवायचं पाणी यांच्याबद्दल फार बोलायला नको, ही बोटांची कामं आहेत. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तो तिथे तापून लवकर जातो. कूलंट पांढऱ्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का ते नुसतं बाहेरून बघायचं. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना काका पंथाच्या माणसानेसुद्धा उघडू नये. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा धरला तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासावा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी अशी उडते की शेजारच्या पार्किंगमधलं मांजरसुद्धा पुढचे काही दिवस आपल्या गाडीखाली झोपत नाही.

आता ऑइल. घरी ऑइल बदलणं हे या छंदातलं पंढरपूर, प्रत्येकाला एकदा जाऊन यावंसं वाटतं. व्हिडिओत ते सुंदर दिसतं. गाडी वर, खाली ट्रे, बोल्ट फिरला की काळंभोर ऑइल धारेने पडतं आणि पार्श्वभूमीला गिटार वाजत असते. मीही नाना पेठेत जाऊन भाव विचारून आलो, बोहरी आळीत पाने बघून आलो आणि मग रविवारी दुपारी कागद-पेन घेऊन बसलो. छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण तीन लिटर ऑइल लागतं. ऑइल आणि फिल्टर घरी करा नाहीतर गॅरेजात, विकत घ्यावेच लागतात. वाचते ती फक्त मजुरी. त्या मजुरीसाठी ट्रॉली जॅक हवा. शिवाय दोन भक्कम स्टँड, कारण नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणं ही काटकसर नाही, आत्महत्येची तयारी आहे. गाडीबरोबर मिळतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. मग ट्रे, फिल्टर काढायचा पाना, नरसाळं, चाकाला लावायची उटी, हातमोजे. बायकोने माझा कागद तिच्याकडे ओढला, वर्षाला एक मजुरी या दराने बेरीज मांडली आणि म्हणाली, “अरे, पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन संपेल ना, तेव्हा कुठे तुझा जॅक फिटेल.”

समजा, फिटला. काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करायचं? २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते घंटागाडीत देता येत नाही, सोसायटीच्या गटारात ओतलं तर नाल्यातून मुठेत जाणार, आणि मुठेला आपण आधीच पुरेसं दिलेलं आहे. त्याची खरी जागा गॅरेजातला पिंप. तिथून ते शुद्धीकरणाला जाऊ शकतं. म्हणजे मला ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, गाडीत घालून मिस्त्रीकडे न्यायचं. त्याचे मजुरीचे पैसे वाचवले हे सांगायला मी त्याच्याकडे जाणार, आणि जाताना माझं ऑइल त्याच्या पिंपात ओतायला घेऊन जाणार. एवढं धाडस माझ्यात नाही.

शिवाय मिस्त्री ऑइल सोडून देतो आणि ते निथळेपर्यंत गाडीखाली नुसता उभा राहतो. त्या दहा मिनिटांत त्याची मान वर असते. एक्सलचं रबरी बूट फाटलंय का, ब्रेकचे पॅड किती उरलेत, सस्पेन्शनचं बुश चिरलंय का, कुठे ओल दिसतेय का. त्याने कधी याचे वेगळे पैसे लावले नाहीत. त्याच्या बिलात ‘वर बघणे’ अशी नोंद नसते. मी गाडीखाली आडवा झालो असतो तर मला ते सगळं नाकासमोर दिसलं असतं आणि काहीही समजलं नसतं. ऑइलचा प्रश्न तिथेच मिटला.

याच हिशेबातून मला माझी वाटणी सापडली, आणि ती काम सोपं की अवघड यावर झालेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण फसगत इथेच होते. पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलणं हे कित्येक गाड्यांत केबिन फिल्टरपेक्षा कमी कटकटीचं काम आहे. चाक काढायचं, कॅलिपरचा बोल्ट सोडायचा, पिस्टन मागे दाबायचा, पॅड बसवायचे. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करावा लागत नाही. काका ते गप्पा मारत मारत करतात. पण मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारतो, यात चुकलं तर काय होईल? चुकल्यावर गाडी सुरू होणार नसेल तर ते काम माझं. चुकल्यावर गाडी थांबणार नसेल तर ते मिस्त्रीचं. फ्यूज चुकीचा बसला तर मी पार्किंगमध्ये उभा राहीन आणि शेजारी हसतील. ब्रेकचा बोल्ट ढिला राहिला तर ते मला ताम्हिणी उतरताना समजेल, आणि हसायला शेजारी नसतील.

ब्रेक ऑइलबद्दल तर बाहेरून काही कळतही नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ जातीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. सपाट रस्त्यावर फरक जाणवणार नाही. लांब घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर असला, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली, की पेडल मऊ पडतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि नेमकी हीच ओळ ‘ब्रेक लागतोय की चांगला’ म्हणत माणसं बिलातून खोडायला लावतात. टेफ्लॉन ठेवतात. स्टिअरिंग, टायमिंगचा पट्टा, पिवळ्या कनेक्टरची एअरबॅगची वायर, हे सगळं याच खात्यात. अलाइनमेंटला आणि एसीच्या गॅसला यंत्रच लागतं, तिथे निवड करायची वेळच येत नाही.

थोडी कामं दोन्हींच्या मधे लोंबकळतात. प्लगचं घ्या. चेतकच्या पुण्याईने मला वाटतं की प्लग आपल्याला येतो. पण आता तो अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये खोल विहिरीत बसलेला असतो आणि तिरका सुरू करून पान्याने रेटला की आटे जातात. प्लगचे नव्हे, हेडचे. मग गाडी थांबते हे खरं, पण त्याबरोबर महिन्याचं अंदाजपत्रकही थांबतं. इंजिन थंड असताना, आधी नुसत्या बोटांनी फिरवून, शेवटी काकांचा टॉर्क रेंच मागून, म्हणजे काकांनाच बोलावून, हे काम करता येतं. काका आल्यावर काम काकांचं होतं आणि मी टॉर्च धरतो.

पावसाळ्यात यात आणखी एक खातं उघडतं. डॅशबोर्डवर बाप्पा आणि बॉनेटखाली बाप्पांचं वाहन. उंदराला इंजिनाची ऊब आवडते आणि वायरची साल गोड लागते. एके सकाळी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी मोठ्या हौसेने घेतलेला स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला. फोनवर उमटलं ‘पी-०३००’. याचा अर्थ सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही किंवा पेट्रोल नीट जळत नाही. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, पेट्रोल खराब असेल. उंदीर असेल असं त्या यादीत कुठेही नव्हतं. बॉनेट उघडल्यावर तीन रंगांच्या वायरी कुरतडलेल्या आणि शेजारी कुणाच्या तरी श्राद्धातला वडा दिसला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपायांचा पाऊस पडला. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, बारीक जाळी, रात्रभर उघडं बॉनेट, एकाने तर मांजर सुचवलं. तंबाखू आणि जाळी घरी करायची कामं, आणि मी केली. वायरी जोडायचं काम वायरमनचं. चिकटपट्टी गुंडाळून भागवता येईल असा मोह होतो, पण कुरतडलेली वायर नेमकी कशाची आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याने ती जोडूही नये.

आता हे सगळं करून वर्षाला वाचतात किती? बायकोने गेल्या दिवाळीत याचा छडा लावला आणि निष्कर्ष माझ्या बाजूने नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या दराने बघितलं तर चांगले पैसे वाचले होते. पण वॉरंटी संपल्यापासून आम्ही तिथे जातच नव्हतो. आम्ही जातो कॅनॉलच्या पलीकडच्या मिस्त्रीकडे, आणि तो यातल्या कुठल्याच कामाचे पैसे घेत नाही. वायपर, बल्ब, फ्यूज, एअर फिल्टर हे तो मोठ्या कामाच्या वेळी जाता जाता करतो. “त्याचे काय घ्यायचे, साहेब,” म्हणतो. थोडक्यात, जे काम मला फुकट मिळत होतं ते मी पाने, गेज, पंप आणि स्कॅनर विकत घेऊन स्वतः करत होतो. घरखर्चाच्या तक्त्यात बायकोने ही सगळी खरेदी ‘वाहन’मधून काढून ‘करमणूक’मध्ये टाकली. मी हरकत घेतली नाही. नाटकाच्या दोन तिकिटांच्या मानाने केबिन फिल्टर स्वस्त पडतो, आणि मध्यंतरात वडा घ्यावा लागत नाही.

मिस्त्रीकडचं वागणं मात्र बदललं आहे, आणि त्याची किंमत मला तक्त्यात कुठे घालावी हे कळलेलं नाही. पूर्वी मी जाऊन म्हणायचो, “गाडी जरा बघा, आवाज येतोय.” आता म्हणतो, “डावीकडचं पुढचं चाक, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टक-टक.” तो मान वर करतो. “बूट फाटलं असेल,” म्हणतो आणि तेवढंच उघडतो. मागच्या वेळी नवा पार्ट घालायच्या आधी त्याने डबा माझ्या हातात दिला. त्यावरचा होलोग्राम मी नखाने खरवडून बघितला आणि त्याने बघू दिलं. मग चहा सांगितला. पैसेही त्यानेच दिले.

खंडेनवमीला मी माझे पाने तळहाताएवढ्या पाटावर मांडले होते. त्यांची संख्या पाहून काका म्हणाले, “बरे आहेत. गंजायच्या आत वापरा.”

या महिन्यात सोसायटीत एक नवी विजेवर चालणारी गाडी आली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाची. माझ्या हातातला गेज पाहून त्याला फार कीव आली. “काका, यात ऑइल नाही, प्लग नाही, पट्टा नाही. काही करायचंच नसतं.” मी बॉनेट उघडायला सांगितलं. आत केशरी वायरी होत्या. तो हाय व्होल्टेजचा रंग, तिथे मी हात मागे बांधून उभा राहिलो. मग त्याला विचारलं, टायर बघतोस का? ब्रेक ऑइल? काचेचं पाणी? एसीचा फिल्टर?

“एसीला फिल्टर असतो?”

“तू श्वास त्यातूनच घेतोस.”

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “कुठे असतो?”

“आमच्यात ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. तुझ्यात कुठे ते पुस्तकात बघू. पुस्तक काढ.”

पुस्तक आता छापील मिळत नाही, ॲपमध्ये असतं, असं त्याने सांगितलं. ॲप उघडलं. ॲपने पासवर्ड मागितला. पासवर्ड त्याच्या बायकोला ठाऊक होता आणि ती मीटिंगमध्ये होती. तोवर आम्ही ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायला घेतला.